फाइल पाठवण्याआधी तिचे खिसे तपासा



आज पाठ नाही, कविता नाही आणि उपक्रमही नाही. आज एका वर्ड फाइलची गोष्ट सांगणार आहे. आपण सगळेच आता रोज फाइली बनवतो. टाचणं, घटक चाचण्या, प्रश्नपत्रिका, अहवाल, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचं इतिवृत्त. पूर्वी एखाद्याची टाचणवही हवी असेल तर त्याच्या घरी जाऊन मागावी लागायची. आता "मॅडम, तुमची फाइल टाका ना ग्रुपवर" असं कोणी म्हटलं की आपण लगेच टाकतो. मीही अशीच एक फाइल टाकली होती. ती टाकायला मला अर्धा मिनिटही लागलं नसेल, पण तिने जे केलं ते निस्तरायला पूर्ण दुसरं सत्र गेलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. पहिलं सत्र संपत आलं होतं आणि आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायचं काम चालू होतं. २०१० साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तेव्हापासून मुलाला नुसते गुण न देता त्याच्याबद्दल चार शब्दही लिहायचे असतात, हे तुम्हाला सांगायला नको. पण ते चार शब्द सुचत नाहीत, ही सगळ्यांचीच अडचण. मग तयार नोंदी शोधायच्या आणि उतरवून काढायच्या. 'नियमित उपस्थित राहतो', 'गृहपाठ वेळेवर करतो', 'स्वच्छ राहतो'. बावीस मुलांच्या नोंदी वाचल्या तरी एकही मूल डोळ्यांसमोर उभं राहत नाही.

मी ठरवलं, या वेळी उतरवून काढायचं नाही. प्रत्येक मुलाकडे बघून लिहायचं. संगणकावर फाइल केली आणि आमच्या शाळेतल्या वरिष्ठ मॅडमना तपासायला दिली. त्यांना नीट कळावं म्हणून काही नोंदींच्या बाजूला कॉमेंट टाकल्या. एका मुलाच्या नोंदीजवळ मी त्याचं नाव घालून लिहिलं होतं, "लेखनात मागे आहे. जूनपासून आई घरी नाही, आजीजवळ राहतो. वडिलांचं पिणं फार आहे. हे नोंदीत लिहायचं का?" मॅडमनी त्याखालीच उत्तर दिलं होतं, "अजिबात नको. 'लेखनासाठी जादा वेळ व मदत दिल्यास प्रगती होते' एवढंच लिहा." मी तसंच लिहिलं.

पुढे शिक्षण परिषदेत माझ्या नोंदी वाचून दाखवल्या, तेव्हा केंद्रप्रमुख सर म्हणाले, "ही फाइल सगळ्यांना द्या, नमुना म्हणून." खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी फाइल काढली. मुलांची नावं आठवणीने काढून तिथे 'विद्यार्थी १', 'विद्यार्थी २' असं घातलं. बाजूच्या कॉमेंट दिसत होत्या. रिव्ह्यूमध्ये गेले आणि 'नो मार्कअप' निवडलं. कॉमेंट गेल्या, लाल-निळ्या रेघा गेल्या, पान एकदम स्वच्छ. खात्रीसाठी एक प्रिंटही काढली. तीही स्वच्छ. म्हटलं, झालं काम. फाइल ग्रुपवर टाकून मी घरी गेले. फाइलच्या नावात आमच्या शाळेचं नाव आणि इयत्ता होतीच.

रविवारी सकाळी शेजारच्या गावातल्या एका बाईंचा फोन आला. "अहो, तुमच्या फाइलमध्ये बाजूला काहीतरी लिहिलेलं दिसतंय. मुलाचं नावसुद्धा आहे." मी म्हटलं, शक्यच नाही. फोनवर स्वतः फाइल उघडली. सगळ्या कॉमेंट होत्या. त्याचं नाव, आई, वडील, सगळं.

मी धावत ग्रुपवरून ती फाइल सर्वांसाठी काढून टाकली. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतली होती त्यांच्या फोनमध्ये ती राहिलीच. त्यातच एका गुरुजींची सोयरीक आमच्याच गावात होती. त्यांनी मुद्दाम काही केलं असं मी म्हणणार नाही. घरात बोलता बोलता विषय निघाला असेल. गावात गोष्ट पसरायला तेवढं पुरतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याची आजी शाळेत आली. मला वाटलं, आता भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं. ती व्हरांड्यात बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, तुमास्नी इस्वासानं सांगितलं हुतं. पोराला सांभाळून घ्या म्हून सांगितलं हुतं. गावाला सांगा म्हून न्हाई."

यावर काय बोलणार? "आजी, चूक झाली, मशीनमध्ये लपलेलं राहिलं," असं काहीतरी मी म्हटलं. ती म्हणाली, "लपलेलं व्हय? मग दिसलं कसं?"

वाचकहो, त्या माउलीने कधी संगणकाला हात लावलेला नाही. पण मला जे शनिवारी कळायला हवं होतं ते तिने एका वाक्यात विचारलं. लपवणं वेगळं आणि पुसणं वेगळं. मी लपवलं होतं, पुसलं नव्हतं.

'नो मार्कअप' म्हणजे 'मला आत्ता दाखवू नको' एवढंच. ती निवड माझ्या संगणकावर फाइल बघण्यापुरती असते. फाइलच्या आत कॉमेंट जशाच्या तशा असतात. दुसऱ्याने त्याच्या फोनवर किंवा संगणकावर फाइल उघडली की त्याच्याकडे त्या पुन्हा दिसू शकतात. प्रिंट स्वच्छ येते, कारण पडद्यावर जे दिसतं तेच ती छापते. म्हणून प्रिंट बघून फाइल स्वच्छ आहे असं समजू नका. मी तिथेच फसले.

त्यानंतर मी हा विषय जरा मुळातून समजून घेतला. वर्डची फाइल आपल्याला एक कागद वाटते, पण ती कागद नाही, गाठोडं आहे. २००७ पासून वर्ड डॉकएक्स नावाच्या प्रकारात फाइल जतन करतं. हा प्रकार म्हणजे खरं तर एक झिप फाइल आहे. एखाद्या फाइलची नक्कल करून तिच्या नावाच्या शेवटी डॉकएक्सच्या जागी झिप लिहा आणि उघडून बघा. आत छोट्या छोट्या फाइली निघतात. एकात मजकूर, एकात कॉमेंट, चित्रांचा वेगळा कप्पा, आणि एकात फाइल मुळात कोणी बनवली, शेवटी कोणी बदलली, केव्हा, याची नोंद. कपडे धुवायला टाकण्याआधी आपण खिसे तपासतो ना, तसे या गाठोड्याचे खिसे तपासायला हवेत. कोणत्या खिशात काय राहिलंय ते वरून दिसत नाही.

आणि हे फक्त आपल्यासारख्या खेड्यातल्या शिक्षकांच्याच बाबतीत होतं असंही नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयाने इराकबद्दलचा एक अहवाल वर्ड फाइलच्या रूपातच संकेतस्थळावर ठेवला होता. तो आधीच वादात सापडला होता, कारण त्यातला बराच मजकूर दुसऱ्याच्या लेखातून उचललेला निघाला. त्यात जाणकारांनी फाइलच्या पोटात बघितलं, तर शेवटी शेवटी ती कोणाकोणाच्या हातून गेली त्याची यादी नावांसकट आत होती. एवढ्या मोठ्या कार्यालयातही कोणी खिसे तपासले नव्हते.

आता मी कुठलीही फाइल दुसऱ्याला देण्याआधी काय करते ते सांगते. एकदा हाताला वळण पडलं की पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

१) आधी नक्कल. मूळ फाइल आपल्याजवळ ठेवायची. 'सेव्ह ॲज' करून वेगळ्या नावाने नक्कल करायची आणि सगळी साफसफाई त्या नकलेवर करायची. पुसलेलं नेहमी परत आणता येतंच असं नाही. नाव देताना 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' असं नको. आत काय आहे ते सांगणारं साधं नाव द्या. आणि नावातूनच मूल ओळखू येत असेल तर तेही बदला.

२) बदल आणि कॉमेंट. रिव्ह्यूमध्ये आधी मुद्दाम 'ऑल मार्कअप' निवडा. जे आहे ते सगळं डोळ्यांसमोर येऊ दे. दुरुस्त्या वाचून बघा, मग 'ॲक्सेप्ट' खालच्या यादीतून सगळे बदल स्वीकारा आणि ट्रॅकिंग बंद करा. त्यानंतर 'डिलीट' खालच्या यादीतून सगळ्या कॉमेंट काढा. बदल स्वीकारले म्हणून कॉमेंट जात नाहीत. ही दोन वेगळी कामं आहेत.

३) वर्डचा तपासनीस. फाइल, मग इन्फो, मग 'चेक फॉर इश्यूज' आणि त्यात 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'. संगणकावरच्या वर्डमध्ये हा पर्याय मिळेल. तो कॉमेंट, लपवलेला मजकूर, बनवणाऱ्याचं नाव वगैरे शोधतो आणि प्रत्येकासमोर 'रिमूव्ह ऑल' असं बटण देतो. पण इथे घाई नको. 'हेडर्स अँड फुटर्स' समोरचं बटण दाबलं तर शाळेचं नाव आणि पानांचे आकडेही जातील. बाकीचं पुसा, ते विचार करून.

इथेच मला एक गंमत कळली. माझ्या कितीतरी प्रश्नपत्रिकांवर बनवणाऱ्याच्या जागी भलत्याच शिक्षकांचं नाव होतं. कारण उघड आहे. वर्षानुवर्षे आपण एकच जुनी फाइल उघडतो, प्रश्न बदलतो आणि नव्या नावाने जतन करतो. मूळ मालकाचं नाव तसंच पुढे चालत राहतं. गुरुजी बदलून दुसऱ्या तालुक्यात गेले, तरी आमच्या शाळेत अजून प्रश्नपत्रिका काढतायत!

४) चित्रं आणि तक्ते. फोटो कापून फक्त एकाच मुलाचं चित्र ठेवलं, तरी कापलेला भाग फाइलमध्ये असू शकतो. समोरच्याने फोटो मूळ आकारात आणला की बाकीची मुलं परत दिसतात. त्यासाठी चित्र निवडून 'कॉम्प्रेस पिक्चर्स' मध्ये कापलेले भाग काढून टाकण्याची खूण करावी लागते. एक्सेलमधून आणलेल्या तक्त्याचंही तसंच. तो जोडलेल्या वस्तूसारखा चिकटवला असेल, तर पाच ओळींच्या तक्त्यावर दोनदा क्लिक केलं की आख्खं गुणपत्रक उघडू शकतं. तक्ता साधा मजकूर किंवा चित्र म्हणून चिकटवा.

५) काळी पट्टी. आधार क्रमांकावर किंवा नावावर काळा चौकोन ठेवून आपण झाकतो. वर्डमध्ये तो चौकोन बाजूला सरकवता येतो. पीडीएफ केली तरी खालचा मजकूर पुष्कळदा निवडून कॉपी करता येतो. म्हणून झाकू नका. तो आकडाच काढा आणि तिथे फुल्या टाइप करा.

६) आपली मराठी. मजकूर युनिकोडमध्येच असू द्या. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला नुसती चित्रविचित्र अक्षरं दाखवते. 'दुःख' मधला विसर्ग आपण घाईत अपूर्णविराम टाकून काढतो. दिसायला सारखंच दिसतं, पण शोधायला गेलं की तो शब्द सापडत नाही. 'सुट्ट्यांनंतरच्या', 'गोष्टीतल्या' असे लांब शब्द मध्येच तुटले आहेत का, तेही बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि आठचा आकडा एकत्र दाबला की पानावर ठिपके आणि उलट्या 'पी'सारख्या खुणा दिसतात. ठिपका म्हणजे मोकळी जागा आणि खूण म्हणजे एंटर. नवीन पानावर जायला दहा-बारा एंटर मारले असतील तर ते काढा आणि कंट्रोल-एंटर द्या. नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर तुमचा प्रश्न क्रमांक चार अर्ध्या पानावर लोंबकळत राहील.

७) शेवटी, दुसऱ्याच्या फोनवर. नुसती वाचायची फाइल असेल तर पीडीएफ द्या. पण ती स्वच्छ केलेल्या नकलेचीच करा, कारण दिसत असलेल्या कॉमेंट पीडीएफमध्येही उतरतात. आणि ग्रुपवर टाकण्याआधी एकाच विश्वासू माणसाला पाठवा. त्याच्या फोनवर उघडून बघा. माझ्या फाइलचा दोष माझ्या संगणकावर कधीच दिसला नसता. तो दुसऱ्याच्या फोनवरच दिसला.

२०२३ साली आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीचा वेगळा विचार केला आहे आणि पालकांच्या संमतीला महत्त्व दिलं आहे. कायदा आहे हे चांगलंच आहे. पण मला खरं सांगायचं तर कायद्याची भीती वाटत नाही, त्या व्हरांड्यातल्या आजीची आठवण येते.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. काही दिवस तो मागच्या भिंतीला टेकून बसायचा. पोरं पोरंच असतात, कोणीतरी काहीतरी बोललं असणार. एकदा शाळा सुटल्यावर तो माझ्या टेबलाजवळ रेंगाळला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या कंप्युटरमध्ये माझं काय लिवलंय?"

मी त्याला शेजारी बसवलं आणि माझ्याजवळची फाइल उघडली. त्याच्यावरची ती कॉमेंट मी अजून काढली नव्हती. काढायचा धीरच झाला नव्हता म्हणा. त्याच्यासमोर ती पुसली. मग तो तपासनीस चालवला आणि 'काही सापडलं नाही' अशी हिरवी खूण त्याला दाखवली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बरोबरची खूण कळते ना! वर्षभर आपण तीच तर त्यांच्या वहीत करत असतो.

मग मी विचारलं, "आता तूच सांग, तुझ्याबद्दल काय लिहू?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला बैल काढाया येतो."

खरंच येत होता. शिंगं, वशिंड, वेसण, सगळं जागच्या जागी. मी सहा महिने त्याचं लेखन तपासत होते, त्याची चित्रवही मी नीट बघितलीच नव्हती. नोंदीत लिहिलं, 'बैलाचे चित्र बारकाव्यांसह काढतो. चित्राखाली नावे लिहायला आवडते.' दुसरं वाक्य तेव्हा पूर्ण खरं नव्हतं. पुढे दोन महिन्यांत झालं. बैलाखाली 'बैल', मग 'वेसण', मग 'आजीचा बैल', अशी त्याची अक्षरं पुढे सरकली.

आजीने मला माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. ती वर्षाअखेरीस निकालाला आली, नोंद ऐकली आणि "बरं लिवलंय" एवढंच म्हणाली. घरातलं मात्र पुन्हा तिने मला कधी काही सांगितलं नाही. पूर्वी शेतावरून जाता जाता थांबायची. आता थांबत नाही. फाइल स्वच्छ करता येते, हे मात्र पुसता येत नाही.

म्हणून वरच्या सात गोष्टींच्या आधीची एक गोष्ट सांगून थांबते. कॉमेंटमध्येसुद्धा, फक्त आपल्यापुरतं म्हणूनसुद्धा, मुलाबद्दल असं काही लिहू नका जे त्याच्या आजीसमोर मोठ्याने वाचता येणार नाही. काही गोष्टी शिक्षकाने लक्षात ठेवायच्या असतात, फाइलमध्ये नाही. आणि जे लिहिलं असेल, ते दुसऱ्याच्या हाती देण्याआधी एकदा खिसे उलटे करून बघा.

पुढची फाइल पाठवाल, तेव्हा 'सेंड' वर बोट नेण्याआधी एवढं कराच.